परक्या नावाचा पंच

आगाशीच्या आमच्या घरी सकाळ व्हायची ती विहिरीवरच्या पंपाच्या आवाजाने. अण्णा, म्हणजे माझे वडील, उठले की आधी पंप चालू करत आणि मग चूळ भरत. पाणी दांडातून केळीत जायचं, तिथून पानवेलीत, आणि उरलंसुरलं आईच्या अबोलीच्या वाफ्यांत. थंडी सरत आली की राजेळी केळ्यांचे घड उतरत आणि सगळं घर सुकेळीच्या कामाला लागे. पिकलेली केळी सोलायची, काठ्यांच्या मांडवावर उन्हात एकेक करून मांडायची, दिवस कलला की उचलून आत आणायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभरात ती मधाच्या रंगाची आणि बोटांना चिकटणारी होत. मग केळीच्याच खोडाच्या वाळलेल्या सालीत, सोपात, त्यांच्या जुड्या बांधायच्या. आमच्या अंगणाला त्या दिवसांत असा गोड, आंबूस वास असे की माश्या आणि पाहुणे दोन्ही न बोलावता येत. घरी आम्ही आमची वाडवळी बोलत असू. इथे ती सगळ्यांना कळेल अशा मराठीत उतरवते आहे, एवढी सवलत वाचकांनी मला द्यावी.

मॅट्रिक होऊन मी घरीच होते आणि घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. शाळेतल्या एका मैत्रिणीची बहीण वसईच्या पूर्वेला कामाला जायची. तिथे भातशेतांच्या आणि मिठागरांच्या शेजारी पत्र्याच्या छपरांचे गाळे उभे राहत होते. एका गाळ्यात चार मशीन असली तरी लोक त्याला ‘कंपनी’च म्हणत. त्या बहिणीने सांगितलं की एका कंपनीत पॅकिंगला बाई हवी आहे. रात्रीचं जेवण चाललं होतं, ताटात वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती, तेव्हा मी ते बोलून टाकलं.

अण्णांनी घास तसाच हातात ठेवला. “बागायतदाराची मुलगी कंपनीत मजुरीला जाणार?”

“बागेत दिवसभर राबते, ती मजुरी नाही का?”

“ती आपली बाग आहे.”

“आपली म्हणजे तुमची आणि दादाची,” मी म्हणाले.

दादाने मान खाली घालून जेवण उरकलं. मला वाटलं, विषय संपला. पण सकाळी उठून बघते तर आईने डबा भरून चुलीशेजारी ठेवला होता. ती एवढंच म्हणाली, “एसटी सातला सुटते.” माझ्या आईने आयुष्यात कधी कुणाशी भांडण केलं नाही. तिची बंडं अशीच, डबा भरून ठेवण्यातली.

आज मी वसईतच, एव्हरशाईन सिटीत राहते. आमच्या सोसायटीतल्या बायका फिरायला निघतात तेव्हा कुणी नवी भेटली की विचारते, “तुम्ही काय करत होता? शिक्षिका होता का?” मी सांगते, लेथवर होते. मग समोरची क्षणभर गोंधळते आणि म्हणते, “म्हणजे ऑफिसमध्ये?” मी म्हणते, “नाही, मशीनवर. लोखंड कापत होते.” हे मी मुद्दाम, जरा मोठ्या आवाजात सांगते. सांगताना लाज वाटावी असं मी काही केलेलं नाही.

त्या गाळ्याचे मालक रसिकभाई. उंच, किडकिडीत, नेहमी पांढऱ्या शर्टात, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलेलं. तरुणपणी ते स्वतः मशीनवर होते, त्याची ती खूण. गाळ्यात दोन लेथ होते, एक ड्रिल आणि एक ग्राइंडर. दिवसभर चार वेगवेगळे आवाज एकमेकांवर चढत आणि त्यात मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो दुधाळ, खारट वास. फोरमन होते इनासकाका, पापडीकडचे. चार मुलींचा बाप, डोळ्यावर जाड चष्मा, रविवारचा मिस्सा कधी न चुकवणारा आणि सोमवारी सकाळी पाद्र्यांनी काय सांगितलं ते आम्हाला ऐकवणारा. पॅकिंगला माझ्याबरोबर जानकीबाय होती, अर्नाळ्याची कोळीण. नवऱ्याच्या मागे तिने टोपली डोक्यावर घेऊन मासे विकले होते आणि गुडघे गेले तेव्हा ती कंपनीत आली होती. तिच्या डब्यातलं सुक्या बोंबलांचं कालवण आणि माझ्या डब्यातली केळफुलाची भाजी यांची रोज अदलाबदल होई. इनासकाका आमच्यात येऊन बसत आणि दोन्हींतलं खात.

पॅकिंग करता करता मी लेथकडे बघत राहायची. इनासकाकांच्या ते लक्षात आलं. एक दिवस लेथवरचा एक टर्नर आला नाही, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. “इकडं ये. नुसती बघत काय बसतेस?” त्यांनी माझ्या हाताखाली चाक दिलं आणि टूल कसं हळू आत न्यायचं ते दाखवलं. लोखंडाची पहिली साल निघाली ती निळी, कुरळी आणि कढत. मी ती हातात धरली आणि भाजून घेतलं. काका म्हणाले, “आता विसरणार नाहीस.” चार महिन्यांत मी बारीक जाडी मोजायचा मायक्रोमीटर वाचू लागले. वर्ष सरलं तेव्हा जी कामं नाजूक असत, ज्यांत केसाच्या जाडीएवढाही फरक चालत नसे, ती काका माझ्याकडे देत. रसिकभाईंना ते प्रथम पसंत नव्हतं. माल परत येईना तसे ते गप्प बसले.

अर्नाळ्याच्या बर्फ कारखान्याचं प्रकरण आलं ते त्याच सुमारास. ऐन हंगामात त्यांचा कॉम्प्रेसर बंद पडला. जानकीबायचा भाऊ बोटीवर जाई, त्यामुळे आम्हाला रोजची बातमी मिळत होती. बर्फ नाही म्हणून बोटी किनाऱ्याला बांधून ठेवल्या होत्या, ज्या गेल्या त्यांचा माल मुंबईला पोचेपर्यंत खराब होत होता. बायका जेवढं सुकवता येईल तेवढं सुकवत होत्या आणि बाकीचं वाळूत पुरत होत्या. मग एके दुपारी त्या कारखान्याचे मॅनेजर वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू घेऊन आमच्या गाळ्यात आले. कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह होता तो. पोलादाचं एक जाड कडं आणि त्यावर बसणारी पातळ चकती. चकती उघडते, मिटते आणि वायू पुढे ढकलते. चकतीला दोन तडे गेले होते. मशीन परदेशी, व्हॉल्व्ह परदेशी, आणि नवा मागवला तर बोटीने यायला तीन-चार महिने.

“बनेल का?” मॅनेजरांनी विचारलं. त्यांचा चेहरा ‘बनणार नाही’ असंच उत्तर गृहीत धरलेला होता.

इनासकाकांनी चकती उजेडात धरली, नखाने वाजवली. “कागद-पेन्सिल द्या,” ते म्हणाले.

पहिली चकती आम्ही केली ती तापवून तेलात थंड करताना तडकली. दुसरी वाकली. तिसरीच्या वेळी काकांनी पोलाद बदललं आणि तेलही बदललं. घासायचं काम माझं आणि जानकीबायचं. जाड काचेवर लेप लावायचा, त्यावर चकती ठेवायची आणि बोटांनी फिरवायची, मराठी चारचा आकडा पुन्हापुन्हा गिरवावा तशी, म्हणजे ती सगळीकडून सारखी झिजते. दोन दिवस आम्ही चार गिरवत होतो. मग चकती कड्यावर बसवून वरून रॉकेल ओतलं आणि सगळे बघत राहिलो. खालून एक थेंब आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जानकीबायचा भाऊ सायकल मारत वसईला आला, फक्त एवढं सांगायला की कारखान्यात पुन्हा बर्फ पडायला लागला. त्यानंतर मॅनेजरांनी कड्यासकट आणखी चार व्हॉल्व्ह करून घेतले आणि कारखाना सबंध हंगाम त्यांच्यावर चालला.

देशाची अर्थव्यवस्था हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. आता टीव्हीवर रोज ऐकते. कोट घातलेली माणसं गोल टेबलाभोवती बसून कारखानदारीवर बोलतात, त्यात गुंतवणूक असते, धोरण असतं, बाजार असतो. सगळं असतं, फक्त लेथवर उभी असलेली बाई त्यात नसते. मला त्यांना सांगावंसं वाटतं की एका किनाऱ्याची अर्थव्यवस्था मी तळहातावर धरलेली आहे. ती बशीएवढी होती. ती तडकली तेव्हा बोटी थांबल्या, टोपल्या रिकाम्या राहिल्या, बाजार बसला. आणि ती पुन्हा चालू झाली ती एका चष्मेवाल्या फोरमनमुळे आणि दोन बायकांच्या बोटांमुळे.

मुंबईच्या लोखंड बाजारातल्या एका व्यापाऱ्याला हे कुठून तरी कळलं. तो गाडीतून आला, आमचा व्हॉल्व्ह त्याने उलटापालटा करून पाहिला आणि रसिकभाईंच्या केबिनमध्ये जाऊन बसला. तो गेल्यावर रसिकभाई बाहेर आले ते खुशीत. शंभर व्हॉल्व्हची ऑर्डर होती. एवढं मोठं काम आमच्या गाळ्याने कधी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे हसलो, काकांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली. पहिला वीसांचा लॉट तयार झाला त्या दिवशी रसिकभाईंनी टेबलावर एक लाकडी पेटी ठेवली. आत अक्षरांचे पंच होते, नवे, चकचकीत. कड्याच्या कडेवर पंच ठेवून हातोडीचा एक घाव घालायचा की अक्षर उमटतं.

“हे नाव मारायचं आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी एक चिठ्ठी दिली.

चिठ्ठीवर त्या परदेशी कंपनीचं नाव होतं. ज्या कंपनीचा व्हॉल्व्ह तडकला होता तीच. खाली त्या देशाचंही नाव होतं.

ड्रिलचं मशीन चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं. काका चिठ्ठीकडे बघत होते. शेवटी मीच बोलले. “हे त्यांनी बनवलेलं नाही.”

“कुमुदबेन, समजून घ्या,” रसिकभाई म्हणाले. “माल तोच, पोलाद तेच, मेहनत तुमचीच. बाजारात आपलं नाव कोण विचारतो? परदेशी नाव बघितलं की लोक न विचारता घेतात. नावाने काय फरक पडतो?”

“फरक पडत नसेल तर मग आपलंच नाव टाकू.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागावले नव्हते अजून. “तुम्ही लहान आहात. धंदा तुम्हाला कळत नाही.”

“चकती कळते,” मी म्हणाले. “ती मी कापेन, घासेन, रॉकेल ओतून दाखवेन. शंभर काय, हजार करेन. पण दुसऱ्याचं नाव तिच्यावर मी मारणार नाही.”

“मग कोण मारणार?”

“ते तुम्ही ठरवा.”

“मग तुम्ही घरी जा,” ते म्हणाले. आवाज शांत होता, पण पेर गेलेलं बोट टेबलावर वाजत होतं. मी हात पुसले, डबा उचलला आणि निघाले. दारात मागे वळून पाहिलं तर इनासकाका चष्मा काढून पुसत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या वेळी मला त्यांचा फार राग आला. चार मुलींचा बाप काय काय गिळून उभा असतो, ते कळायचं माझं वय नव्हतं.

घरी भर दुपारी पोचले. अण्णा अंगणात सुकेळीच्या जुड्या बांधत होते. मला वाटलं, आता म्हणतील, बरं झालं, सुटलीस. मी झालं ते सगळं सांगितलं. ते जुडी बांधत राहिले. सोप ओला करून घेतला, गुंडाळला, दोरा ओढला. मग विचारलं, “तो व्हॉल्व्ह तू स्वतः केलास?”

“मी, काकांनी आणि जानकीबायने.”

“आणि त्याच्यावर दुसऱ्याचं नाव?”

“हो.”

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. “मागे एकाने मला सांगितलं होतं,” ते म्हणाले, “तुमची सुकेळी द्या, आमच्या दुकानाच्या नावाने डब्यात घालून विकतो, आगाशी वगैरे लिहायची गरज नाही. मी त्याला अंगणातून घालवलं. तुझ्या आईला विचार.” त्यांनी दोरा तोडला. “तुझ्या त्या लोखंडातलं मला काही कळत नाही. कंपनीत गेलीस ते मला आजही पटलेलं नाही. पण पंच मारला नाहीस ते बरोबर केलंस.”

माझ्या कामाबद्दल अण्णा आयुष्यात जे चांगलं बोलले ते एवढंच. मला ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जानकीबाय आमच्या दारात उभी. डोक्यावर पदर, हातात पिशवी, गुडघे धरत धरत आलेली. “मी पन सोडून आले,” ती म्हणाली. “तू नाय, तर मी तिथं एकटी कोनासंगं डबा खाऊ?” आईने तिला पाणी दिलं. ती म्हणाली, “पानी ऱ्हाऊ दे, आधी ऐक. त्या शेटला वाटतंय ना, आपलं नाव कोनी घेत नाय? चल, आपुन विचारू. अर्नाल्याचा बरफ कुनाच्या नावानं पडला, ते सगल्या बंदराला ठावं हाय.”

तिच्या पिशवीत आमचा एक व्हॉल्व्ह होता. पहिल्या लॉटमधला, कडेवर एक ओरखडा पडल्यामुळे बाजूला ठेवलेला. रसिकभाईंना विचारून आणला होता का, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आम्ही आधी अर्नाळ्याला गेलो. बर्फ कारखान्याच्या मॅनेजरांना म्हटलं, तुमचा अनुभव काय तो कागदावर लिहून द्या. ते घुटमळले. “असं पत्र मी कधी दिलेलं नाही,” म्हणाले. जानकीबाय त्यांच्यासमोर बाकावर बसली. “सायब, बंद पडला तवा कोनाकडं आला होतात? तवा आमच्याकडं पत्र मागितलं होतंत?” ते हसले आणि त्यांनी कागद ओढला. तीन ओळी लिहिल्या. व्हॉल्व्ह वसईत बनले, सबंध हंगाम चालले, तक्रार नाही. खाली सही आणि शिक्का. तो कागद मी आईच्या देवाच्या पोथीत ठेवला होता, घडी पडू नये म्हणून.

निघताना अण्णांनी सुकेळीच्या सहा जुड्या माझ्या हातात दिल्या होत्या. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही, ही आमच्या घरची रीत. तर आम्ही दोघी, एक गुडघेदुखीची कोळीण आणि एक विशीतली बागायतदाराची मुलगी, पिशवीत पोलाद आणि सुकेळी घेऊन बर्फाचे कारखाने विचारत किनाऱ्याने हिंडलो. सातपाटीला पहिल्या कारखान्यात आम्हाला दारातूनच परत पाठवलं. तिथला माणूस म्हणाला, “बायकांनी केलेला व्हॉल्व्ह? उद्या मशीन फुटलं तर?” मी म्हणाले, “तुमच्या मशीनचा मेकॅनिक बोलवा. त्याच्यासमोर रॉकेल ओतून दाखवते.” त्याने बोलावलं नाही. आम्ही बाहेर येऊन झाडाखाली बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जानकीबायने तंबाखू मळली आणि म्हणाली, “मी मासं विकलं तीस वर्सं. पयल्या दारात कोन घेतंय?”

दुसऱ्या कारखान्यात म्हातारे मालक स्वतः होते. त्यांनी पत्र वाचलं नाही, व्हॉल्व्ह वाचला. चकती काढून डोळ्यासमोर आडवी धरली, अंगठा फिरवला, पुन्हा बसवली. “घासलं कुणी?” त्यांनी विचारलं. आम्ही दोघींनी एकदमच हात पुढे केले. त्यांनी आमची बोटं पाहिली. लेपाने काळी पडलेली नखं आठवडा झाला तरी निघाली नव्हती. “दहा पाठवा,” ते म्हणाले आणि लेटरहेड मागवलं. डहाणूला आणखी एकाने सहा मागितले. पुढच्या दोघांनी नाही म्हटलं. एकाने चहा पाजला आणि सुकेळी ठेवून घेतली, ऑर्डर मात्र दिली नाही.

चौथ्या दिवशी आम्ही गाळ्यात परत गेलो. आत सगळं शांत होतं, दिवसाढवळ्या. लेथ बंद, ड्रिल बंद. इनासकाका स्टुलावर बसले होते आणि ती लाकडी पेटी त्यांच्या मांडीवर होती. मला बघून ते उठले नाहीत.

“मी बारा मारले, कुमुद,” ते म्हणाले. “तुझ्यापासून लपवत नाही. तेराव्याला हात उचलेना. मग मशीनवरच्या पोरांनी पण हात आखडले. तेव्हापासून बसलोय.”

मी त्यांच्या शेजारी बसले. ते बारा व्हॉल्व्ह त्या व्यापाऱ्याने नेले आणि कुठे कुठे विकले. वसईत जन्मलेले ते बारा व्हॉल्व्ह अजूनही परदेशी आहेत. त्यांनी कुठे बर्फ पाडला, कुठे दूध थंड ठेवलं, कुणाला ठाऊक. आणि तो व्यापारीही बुडाला वगैरे नाही. त्याने पुढे दुसऱ्या एका गाळ्यातून तेच काम करवून घेतलं. आम्ही जग सुधारलं असा माझा दावा नाही. आमच्या गाळ्यातून ते झालं नाही, एवढंच.

रसिकभाई केबिनमधून बाहेर आले. चार दिवसांत दाढी केलेली नव्हती. “आता काय आणलंत?” त्यांनी विचारलं. मी दोन ऑर्डरी आणि पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचलं.

“सोळा,” ते म्हणाले. “तिकडे शंभर होते.”

“हे सोळा आपले आहेत.”

“आणि उद्या?”

“उद्याचं पत्र हे सोळा लिहून आणतील.”

त्यांनी काकांकडे पाहिलं. काका आता उठून उभे राहिले होते. “शेठ,” ते म्हणाले, “तुम्ही पण मशीनवर होतात. तुमचं बोट कापलं ते काम कुणाच्या नावाने विकलं गेलं, सांगा बघू.”

रसिकभाई आपल्या त्या अर्ध्या बोटाकडे बघत राहिले. बाहेर शेजारच्या गाळ्यात पत्रा कापत होते, त्याचा आवाज येत होता. मग त्यांनी काकांच्या हातातली पेटी घेतली, ती चिठ्ठी काढून फाडली आणि पंच टेबलावर ओतले. “नाव काय मारायचं मग?” त्यांनी विचारलं. कंपनीचं नाव लांबलचक होतं, कडेवर मावेना. रसिकभाईंचं स्वतःचं टाकावं असं एक कामगार म्हणाला, तर तेच नको म्हणाले. “एकट्याचं कशाला?” शेवटी जानकीबाय वैतागून म्हणाली, “गावाचं टाका की.” इंग्रजी पाच अक्षरं होती. अंतर बरोबर बसलं.

पंच मारायचं काम काकांनी मला दिलं. पंच सरळ धरायचा आणि एकच घाव घालायचा. दुसरा घातला की अक्षर दुहेरी उमटतं आणि माल वाया जातो. पहिल्या कड्यावर माझा पंच किंचित कलला, त्यामुळे शेवटचं अक्षर जरा तिरकं पडलं. काका म्हणाले, राहू दे, यावरून ओळखू येईल.

सातपाटीच्या दहांपैकी पहिला व्हॉल्व्ह बसवायला मी स्वतः गेले. म्हातारे मालक खुर्ची टाकून बसले होते. मेकॅनिकने कॉम्प्रेसरचं झाकण काढलं, हाताला तेल लावलं आणि व्हॉल्व्ह घेऊन खिडकीजवळ गेला. कडेवर कोरलेलं त्याने मोठ्याने वाचलं.

“वसई,” तो म्हणाला आणि हसला. “बाई, हे आत जाणार. वरून झाकण बसणार, बोल्ट आवळणार. तुमचं नाव वाचणार कोण?”

“जो उघडेल तो,” मी म्हणाले. “बसवा.”

त्याने बोल्ट आवळले आणि मशीन सुरू केलं.